झिएमच्या पाटीचं चाडं

मी एक जुना पत्रा आहे, मित्रांनो. पत्रा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर छप्पर येईल, पण मी तसा नाही. मी चार बाजूंनी दुमडलेला, वर रुंद आणि खाली निमुळता आहे. तुमच्याकडे पाभरीवर बी सोडायला चाडं असतं ना, तसा. फरक इतकाच की माझ्यातून बी जमिनीत जात नाही. मोड आणून वाळवलेली लाल ज्वारी माझ्यातून खालच्या हातगिरणीत उतरते, भरडली जाते आणि तिची पिटो होते. पिटो म्हणजे आमच्याकडची ज्वारीची बियर. ती मोठ्या माणसांनी प्यायची. पण आंबण्याआधी तिचं नुसतं गोड पाणी असतं, आणि ते हक्कानं मुलांचं. म्हणून गावातली मुलंही मला ओळखून आहेत.

माझ्या चारही बाजूंना निळ्या रंगाचं एकेक मोठं अक्षर आहे. एका जागी उभं राहून ती चारही कुणाला वाचता येत नाहीत. गिरणीभोवती पूर्ण फेरी मारावी लागते. ही अक्षरं अशी का फुटली, तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा मी घानाच्या उत्तर टोकाला, जिरापाकडे जाणाऱ्या लाल मातीच्या रस्त्यावर, एका कडुनिंबाला टांगलेला होतो. मला तिथे टांगलं झिएमनं. झिएम सायकली दुरुस्त करायचा. एका पडक्या कापसाच्या गोदामाच्या दारातून त्यानं मला उचललं, वाळूनं घासलं, आणि कुणाच्या तरी खिडक्यांचा उरलेला निळा रंग आणून माझ्यावर स्वतःचं नाव काढलं, इंग्रजी लिपीत, चार अक्षरांचं. अक्षरं काही फार सरळ नव्हती. शेवटचं अक्षर तर कडेला जागा न उरल्यामुळे अंग चोरून उभं राहिलेलं. पण झिएम चार पावलं मागे गेला, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला, आणि म्हणाला, "झकास!" मला तेव्हा इतकी ऐट वाटली म्हणून सांगू!

झिएमची एक सवय होती. सायकल आली की तो चाक गरकन फिरवायचा, त्याला कान लावायचा आणि सायकलवाल्याला सांगायचा, "हिला काहीही झालेलं नाही. नुसती रुसलीय." मग हातातलं काम तसंच टाकून तिसऱ्याच सायकलीकडे जायचा, तिथून कुणाच्या तरी हाकेला ओ द्यायला रस्त्यापलीकडे. एका जागी बसणं त्याला माहीतच नव्हतं. त्याची बायको पर्पेतुआ दुपारी जेवण घेऊन यायची आणि भांडं हातात धरून त्याच्यामागे फिरायची. "अरे, चार घास तरी बसून खा!" तो उभ्याउभ्याच खायचा.

एका दुपारी चाकात हवा भरता भरता तो पंपावर वाकला आणि पुन्हा सरळ झालाच नाही.

तीन दिवस, माझ्या कडुनिंबावरून दिसणाऱ्या त्यांच्या घराच्या अंगणात, जिल हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य वाजत राहिलं. तिथेच मी अयाम्गाला नीट पाहिलं. अयाम्गा हा गावातला पत्रेवाला, झिएमचा जिवाभावाचा मित्र. झिएम आमचा दगारा, अयाम्गा फ्राफ्रा. या दोन जमातींत पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं आहे. रस्त्यात भेटले की एकमेकांना 'गुलामा' म्हणूनच हाक मारायची, काय वाटेल ते बोलायचं आणि कुणी रागवायचं नाही. मात्र या नात्याला एक अवघड बाजू आहे. एकाकडे कुणी गेलं की दुसऱ्यानं तिथे येऊन मेलेल्याची नक्कल करायची, रडणाऱ्यांना हसवायचं. आणि स्वतः रडायचं नाही. थट्टेकरीच रडायला लागला, तर त्या घराचं ओझं हलकं करणार कोण?

अयाम्गा आपला अधू डावा पाय ओढत आला. झिएमची टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली. मयतापाशी वाकला, त्याच्या छातीला कान लावला आणि घसा मोकळा करून म्हणाला, "याला काहीही झालेलं नाही. नुसता रुसलाय."

बायका रडता रडता हसल्या. पर्पेतुआही हसली. अयाम्गा टोपी काढून ठेवून निघून गेला. त्याच्या डोळ्यांत पाण्याचा थेंबही नव्हता. मला आपलं वाटलं, काय दगड माणूस आहे!

त्यानंतर कडुनिंबाखालचं दुकान उठलं. मला काढून कोंबड्यांच्या खुराड्यामागे टेकवून ठेवलं. पाऊस आला नि गेला, माझ्या पाठीला गंज धरला. निळ्या अक्षरांवर कोंबड्यांनी काय काय केलं ते मी सांगत नाही. मित्रांनो, पाटीचं आयुष्य वाचणाऱ्यांवर असतं. वाचायलाच कुणी येत नसेल, तर पाटी आणि चुलीमागचा पत्रा यांत फरक तो काय?

असं एक वर्ष गेलं. सुगी घरात आली, कोरडे धुळीचे वारे सुटले. आमच्याकडे अशा वेळी मयताची शेवटची पिटो काढतात. ती सगळ्यांनी प्यायली की गेलेला माणूस पूर्वजांच्या घरी पोचतो, आणि त्याच्या बायकोच्या मनगटावरचा सुतकाचा दोरा कापतात. तोवर तो बिचारा दारातच ताटकळत असतो. एकदा ठरलेला दिवस हुकला की पुढच्या सुगीपर्यंत थांबायचं.

पर्पेतुआला थांबणं चालणार नव्हतं, ते तिच्या सासूमुळे. सासूचं नाव पोगझी. वय किती ते तिचं तिलाही माहीत नव्हतं. ती रोज सकाळी भिंतीच्या आधारानं अंगणात येऊन बसायची आणि एकच बोलायची, "पोरी, मी माझ्या लेकाला वाटेला लावून मगच जाणार. तो दारात उभा आणि मी त्याच्या आधी आत शिरले, तर तो काय म्हणेल? म्हातारीला फार घाई होती म्हणेल."

"आई, तुम्ही कुठे जात नाही."

"मी जाणार की नाही ते तू नको सांगूस. तू ज्वारी भिजव."

पर्पेतुआनं ज्वारी भिजवली. पानांखाली झाकून मोड आणले. मातीच्या धाब्यावर चढवून उन्हात वाळवली. पुढचं काम भरडण्याचं, आणि तिथेच गाडं अडलं.

बाजारात इंजिनाची गिरणी होती. पण ती ज्वारीचं पार पीठ करून टाकते. पिटोला पीठ चालत नाही, दाणा नुसता फुटायला हवा. नाहीतर भेंडीच्या देठाचं कितीही चिकट पाणी घाला, गाळ खाली बसत नाही. शिवाय त्या गिरणीत आदल्या गिऱ्हाइकाच्या मिरच्यांचा वास असतो. सुतकाची पिटो घरच्याच हातानं भरडायची, अशी पोगझीच्या घरची रीतही होती. घरात बाकाला आवळलेली लोखंडी हातगिरणी होती. पण तिच्या डोक्यावरची वाटी एवढीशी, दोन मुठी दाण्यांची. एकीनं दांडा फिरवायचा आणि दुसरीनं मूठमूठ दाणे टाकत राहायचं. इतकी वर्षं टाकणारी पोगझी होती. आता तिचे हात थरथरत. निम्मे दाणे गिरणीत नि निम्मे मातीत पडत, आणि कोंबड्या तिच्यावर फार खूष असत.

एकटीला दळता यायला हवं होतं. त्यासाठी गिरणीच्या डोक्यावर मोठं चाडं हवं होतं. पर्पेतुआनं एकदा गिरणीकडे पाहिलं, एकदा खुराड्याकडे. मग आली, मला ओढून काढलं, फडक्यानं पुसलं आणि डोक्यावर घेऊन निघाली.

अयाम्गा त्याच्या मांडवाखाली रेल्वे रुळाच्या तुकड्यावर पत्रा ठोकत बसला होता. तिला बघून त्यानं हातोडी वर केली. "बघा, बघा, कोण आलंय! माझी गुलाम स्वतःच्या पायांनी चालत आली!"

"गुलाम कोण?" पर्पेतुआ म्हणाली. "तुझ्या आजोबाला माझ्या आजोबानं एका कोंबडीला विकत घेतलं होतं. तीही लंगडी."

"कोंबडी लंगडी होती का? मग हा पाय तिच्याकडून आला होय! आमच्या घरी उगाच आईला बोल लावतात." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "ही पाटी कशाला आणलीस, वहिनी?"

"चाडं करून दे. गिरणीवर बसेल असं. एक टोपली ज्वारी मावली पाहिजे."

"चाड्याला नवा पत्रा देतो की मी. हा जुना आहे."

"नवा पत्रा माझ्या ओळखीचा नाही."

कुठलंही काम हातात घेताना त्याची एक ठरलेली पद्धत होती. आधी वीत लावून मोजायचं, मग "हं!" म्हणायचं, मग हातोडीनं दोनदा टकटक करायची. तसं त्यानं केलं. त्याची वीत माझ्या अक्षरांवरून गेली तेव्हा मला तिचा खरखरीतपणा जाणवला. ती वीत थोडी रेंगाळली, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी चाडं झालो. म्हणजे तसं मला वाटलं. अयाम्गानं माझ्या कडा जरा जरा उचलल्या, नाव चुकवून मधोमध भोक पाडलं, खाली गिरणीच्या वाटीवर बसेल अशी गळपट्टी लावली. नाव बाहेरच्या अंगाला, एका ओळीत, अख्खंच्या अख्खं. पर्पेतुआनं मला गिरणीवर बसवलं, टोपलीभर ज्वारी ओतली आणि दांडा फिरवला. चार मुठी दाणे सरसर खाली गेले. मी म्हटलं, वा!

पाचव्या मुठीला सगळं थांबलं.

मोडाची ज्वारी साध्या ज्वारीसारखी गडगडत नाही, मित्रांनो. प्रत्येक दाण्याला वाळलेली मिशी असते. त्या मिशा एकमेकींत अडकतात आणि भोकावर दाण्यांची कमान धरते. वर टोपलीभर ज्वारी, खाली गिरणी रिकामी, आणि लोखंडावर लोखंड किंचाळतंय! पर्पेतुआनं काडीनं टोचलं. थोडे पडले. पुन्हा थांबले. एक हात दांड्यावर, एक हात काडीवर, बाक धरायला गुडघा. सूर्य डोक्यावरून कलला तरी एक टोपलीसुद्धा भरडून झाली नाही. सगळी ज्वारी उद्याच्या दिवसात भरडली गेली नसती, तर पिटो ठरल्या दिवशी तयार होणं शक्य नव्हतं. कुमासीहून, हमिलेहून माणसं निघाली होती. ती येऊन रिकाम्या मडक्यांभोवती बसणार.

पोगझी भिंतीला धरून उठली. "सर बाजूला. मी टाकते."

"आई, बसा तुम्ही."

"बसून काय करू? बसायला पुढे खूप वेळ आहे." तिनं मूठ भरली. मूठ गिरणीपर्यंत येईतो रिकामी झाली. पायाशी कोंबड्या धावल्या. म्हातारीनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्याच कुणाचा असावा तसं, आणि मुकाट्यानं पुन्हा भिंतीशी जाऊन बसली.

मला इतकी लाज वाटली! चाड्याचं काम एकच, खाली जाऊ देणं. आणि तेवढंही मला जमत नव्हतं.

सकाळी उजाडताच पर्पेतुआ मला डोक्यावर घेऊन अयाम्गासमोर उभी राहिली.

"हे काय केलंस? चाडं मागितलं होतं, तू ताट दिलंस. यात जेवायला बसू का?"

अयाम्गानं वीत लावली. "हं! माप चुकलं. परत करावं लागेल." त्याचं हे नेहमीचं वाक्य. घागर गळली, डब्याचं झाकण बसलं नाही, की तो हेच म्हणायचा. पण या वेळी म्हणाला तेवढंच, कात्री काही उचलेना. "ज्वारीत ओल राहिली असेल. मोडही तू फार लांब आणलेस. दगारा बायकांना धीर कसा तो नाहीच, पण मोड मात्र..."

"अयाम्गा."

त्यानं वर पाहिलं.

"तीस वर्षं पत्रा वाकवतोयस. तेलाची नरसाळी तू करतोस, धान्याची मापं तू करतोस. उतार किती लागतो ते तुझ्या बोटांना झोपेतही कळतं. मग इतका उथळ का केलास?"

अयाम्गा खाली मान घालून बसला. त्याचा अंगठा माझ्या अक्षरांवरून फिरत होता, पहिल्यापासून शेवटच्या अंग चोरलेल्या अक्षरापर्यंत आणि परत. मग तो म्हणाला, "खोल करायचा तर चार तुकडे करावे लागतील."

"मग कर!"

"काप नावाच्या मधून जातात." त्यानं अंगठा शेवटच्या अक्षरावर दाबून धरला. "तो तुटेल, वहिनी."

तेव्हा मला कळलं, मित्रांनो. त्याचं माप मुळी चुकलेलंच नव्हतं. मोजून मापून, जाणूनबुजून त्यानं मला उथळ ठेवलं होतं. मित्राच्या नावाला कात्री लावायला त्याचा हात धजत नव्हता, आणि थट्टेच्या नात्यात असं काही बोलून दाखवायची सोय नव्हती. मी त्याला दगड म्हटलं होतं.

पर्पेतुआ त्याच्यासमोर जमिनीवर बसली. माझा तर जीव टांगणीला लागला. ती आता रडेल, मग हाही रडेल, आणि सगळंच विस्कटेल. पण ती हसली.

"बावीस वर्षं मी त्याच्यामागे जेवणाचं भांडं घेऊन फिरले. एक दिवस तो माणूस एका जागी बसला नाही. आणि आता तू त्याला एका ओळीत बसवून ठेवणार? काप. चार बाजूंना चार अक्षरं होऊ देत. गिरणीभोवती फिरेल. त्याला फिरायची सवयच आहे."

अयाम्गानं नाक पुसलं. "बायको आहेस की खाटीक?"

"गुलामानं जास्त बोलू नये. तिकडे म्हातारी बसलीय. काप."

"हं!" अयाम्गा म्हणाला. टक, टक.

कात्री लागली तेव्हा दुखलं का, असं मुलं मला विचारतात. दुखलं. खोटं कशाला सांगू? पण कापणारा हात तुमचं भलं करतोय की वाईट, हे पत्र्यालाही कळतं. अक्षराला कुठे धक्का लागू नये म्हणून तो केसाएवढं अंतर राखून कापत होता. कडा दुमडून एकमेकींत अडकवल्या, लाकडी मोगरीनं ठोकून बसवल्या. तळाशी एक सरकती पट्टी लावली, ओढली की दाणे सुटतील, लोटली की थांबतील. शेवटी मला उभा धरून त्यानं वरून मूठभर ज्वारी सोडली. दाणे एका दमात खाली गेले, मिशांसकट. असा खोल आणि उभा झालो की मला स्वतःचा तळ दिसेना.

त्या दुपारी पर्पेतुआ एकटी गिरणीशी बसली. टोपली माझ्यात रिकामी करायची, पट्टी ओढायची आणि दोन्ही हातांनी दांडा फिरवायचा. खर्र, खर्र, खर्र. पोगझी भिंतीशी बसून कान देऊन ऐकत होती. दिवस मावळायच्या आत सगळी ज्वारी भरडून झाली.

मग पाणी, भेंडीचे देठ, मोठमोठी मडकी, दिवसभराचा जाळ. पहिलं गोड पाणी मुलांनी ओंजळी पुढे करून प्यायलं. ते निवल्यावर मागच्या खेपेचं विरजण जिला चिकटून वाळलेलं असतं ती वेणीदार दोरी मडक्यात सोडली. आणि ठरलेल्या दिवशी, कुमासीची आणि हमिलेची माणसं अंगणात येऊन बसली तेव्हा मडक्यांच्या गळ्यापर्यंत फेस आला होता.

पिटो काढणारीनं पहिला घोट स्वतः घ्यायचा असतो. पर्पेतुआनं तुंबा भरला, घोटभर घेतला आणि तो सासूच्या हातांत दिला, खालून स्वतःचे हात लावून. पोगझी सावकाश, सगळा संपवेपर्यंत प्यायली. तोंड पुसलं. आणि रस्त्याकडे बघून म्हणाली, "जा बाळा. नीट जा. आणि तिथे गेल्यावर तरी जरा बस."

पर्पेतुआच्या मनगटावरचा दोरा कापला तेव्हा अयाम्गा तिसरा तुंबा पीत होता. "पातळ झालीय," तो म्हणाला. "दगारा बायकांना पाणी जरा जास्तच लागतं." त्याच्या अंगावर एकदम तीनचार बायकांनी पायतळीच्या वहाणा भिरकावल्या, आणि सगळं अंगण हसलं.

पोगझी पुढच्या पावसाळ्यात गेली, झोपेतच. तिचीही ज्वारी माझ्यातूनच उतरली.

त्यानंतरची वर्षं माझ्या ऐटीची. पर्पेतुआची पिटो गाळ नसलेली, तांबूस, स्वच्छ असते असं नाव झालं. दर सहा दिवसांच्या बाजाराला तिच्या मांडवाखाली बाक भरलेले. दुसऱ्या बायका मला मागून न्यायच्या. "पर्पेतुआ, तुझा नवरा दे गं एक दिवस," असं म्हणायच्या, आणि ती म्हणायची, "ने, पण संध्याकाळी परत पाठव. त्याला बाहेर राहायची खोड आहे." मुलं गिरणीभोवती फेऱ्या मारत माझी अक्षरं वाचायला शिकली. अयाम्गा येता जाता माझ्यावर दोनदा टकटक करून जायचा. बाकी बोलायचा मात्र पिटो किती पातळ आहे त्याबद्दलच.

पुढे पर्पेतुआच्या भाचीनं विजेवर चालणारी गिरणी आणून दिली. तिचं चाडं तिच्यासोबतच आलं होतं, प्लास्टिकचं, पिवळंधमक. माझी रवानगी पुन्हा खुराड्यापाशी झाली. या वेळी उताणा. एका करड्या कोंबडीनं माझ्यात गवत आणलं आणि अंडी घातली. मी तक्रार करत नाही. अंड्यांना ऊब असते. पण दिवसातून दोनदा कानावर यायची ती टकटक आठवायची.

आणि एक दिवस सकाळी पर्पेतुआ घाईघाईनं खुराड्याशी आली. कोंबडीला हलकेच उचलून बाजूला केलं, अंडी टोपलीत ठेवली, मला उलटा करून गवत झाडलं. तिचे केस आता पांढरे झाले होते. तिनं मला कमरेवर घेतलं आणि चालू लागली. वाट ओळखीची होती. मांडव ओळखीचा होता. पण आज तिथून ठोकण्याचा आवाज येत नव्हता, रडण्याचा येत होता.

अयाम्गा अंगणात चटईवर होता. त्याची बायको, मुली, सुना भोवती. सगळ्यांनी मान वळवून पर्पेतुआकडे पाहिलं. ती दगारा होती, तो फ्राफ्रा. आज काम तिचं होतं.

तिनं मला उलटं केलं आणि टोपीसारखं डोक्यावर घातलं. मी उथळ असतो तर नुसता ताटासारखा वर डुलत राहिलो असतो. पण मी खोल होतो. मी तिच्या कपाळावरून, डोळ्यांवरून, पार हनुवटीपर्यंत खाली आलो. माझ्या वरच्या भोकातून उन्हाचा एक चौकोन तेवढा तिच्या केसांवर पडला. ती डावा पाय ओढत निघाली. माझ्या कडेखालून दिसेल तेवढ्या जमिनीकडे बघत, त्याच्यासारखी, एक खांदा वर आणि एक खाली. मागे कुणीतरी खुदकन हसलं. अयाम्गाची हातोडी तिथेच पडली होती, ती तिनं उचलली. चटईपाशी वाकली. डोक्यापासून पायापर्यंत त्याला वीत लावली.

"हं!" ती म्हणाली, आणि माझ्यावर दोनदा वाजवलं. टक, टक. "माप चुकलं. हा माणूस परत करावा लागेल."

अयाम्गाची बायको पहिली हसली. पदरात तोंड खुपसून, हुंदक्यांच्या मधून हसली. मग मुली, मग सगळं अंगण. लोक म्हणाले, काय बाई आहे! डोळ्यांत पाण्याचा थेंब नाही.

डोळे कुणाला दिसत होते? ते माझ्या आत होते. तिचा चेहरा माझ्या चार भिंतींना टेकलेला होता. बाहेर हसू होतं आणि आत ती, ओठ घट्ट मिटून, आवाज न करता रडत होती. ते पाणी माझ्या सांध्यात उतरलं. अयाम्गानं तो सांधा किती पक्का बसवलाय ते मला त्या दिवशी कळलं. एक थेंब बाहेर आला नाही. हे फक्त मला माहीत आहे. आणि आता तुम्हाला.

अयाम्गाच्या शेवटच्या पिटोची ज्वारी पर्पेतुआनं विजेच्या गिरणीत घातली नाही. पिवळं चाडं बाजूला राहिलं. ती जुन्या हातगिरणीशी बसली, मला वर चढवलं, आणि थकल्या हातांनी दांडा फिरवला. तेव्हापासून मी पुन्हा माझ्या जागेवर आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं जुनं काहीतरी असेल. पत्र्याचं, लाकडाचं, कशाचंही. ते टाकून देण्याआधी एकदा हातात घ्या आणि ते असं का वाकलंय ते घरातल्या मोठ्यांना विचारा. आणि कधी आमच्या गावी आलात, पर्पेतुआच्या अंगणात मी दिसलो, तर माझी थोडी काळजी घ्या. दळण झालं की मला उलटा करून झटका, कोपऱ्यात पीठ राहू देऊ नका, ओल्या हातांनी धरलंत तर कोरड्या फडक्यानं पुसा. लोखंडाला खारं पाणी फार लवकर खातं.

आत डाव्या बाजूच्या सांध्याशी बोटाच्या पेराएवढा एक तांबूस डाग दिसेल. बाकी सगळं घासा. तो तेवढा राहू द्या.